सीआरपी वाढला म्हणजे नैराश्य नव्हे

रिपोर्टात सीआरपीसमोर 4 हा आकडा, शेजारी ठळक बाण, आणि नैराश्यात सीआरपी वाढतो हे कुठेतरी वाचलेलं. एवढ्यावर स्वतःचं निदान करू नका. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. अंगात कुठेही दाह असला की ते वाढतं. नैराश्याच्या रुग्णांत ते सरासरीने थोडं जास्त सापडतं, हे खरं. पण ते वाढवण्याचा निरोप पोटाभोवतीची चरबीही यकृताला धाडत असते. सिगारेट ओढणाऱ्यांत, हिरड्या सुजलेल्यांत हा आकडा मुळातच चढा असतो. म्हणून अभ्यासात वजन आणि धूम्रपान हिशेबात धरलं की नैराश्याशी असलेलं त्याचं नातं बरंच विरळ होतं. ताणाचं संप्रेरक म्हणून ओळखलं जाणारं कॉर्टिसॉल तर त्याहून लहरी: जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिगेला, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. रात्रपाळी उरकून सकाळी 8 वाजता रक्त देणाऱ्याचा ताण त्यावरून काय कळणार?

मग हे संशोधन फोल का? मुळीच नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या 60 जणांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाह दाबणाऱ्या औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. एकूण गटात ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. ज्यांचा सीआरपी 5 च्या वर होता, त्यांच्यात मात्र फायद्याची चिन्हं दिसली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मन खचलं की माणूस चालायला जात नाही, झोप मोडते, सिगारेटी वाढतात. मग सवयी वजा करणं म्हणजे आजाराचाच एक धागा कापणं नव्हे का? असू शकतं. पण त्यातून हेच ठरतं, की एकट्या माणसाच्या एका आकड्यातून मन किती आणि सवय किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून ‘स्ट्रेस प्रोफाइल’सारख्या रक्ततपासणीच्या पॅकेजवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 या तपासण्यांची गोष्ट वेगळी. त्यातली कमतरता थकवा-उदासी आणते आणि भरूनही काढता येते. (केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा, काही यंत्रांवर थायरॉइडचा आकडा त्याने चुकतो.) उदासी दोन आठवडे हटली नाही, तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल, तर दोन दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.