बादलीभर पाणी आणि तीनशे बार
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)



सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे आपण लहानपणापासून बघतोय. का होतं, असं विचारलं की अर्धा वर्ग म्हणतो, "घर्षणामुळे!" आणि व्हायव्हात तिथेच आपली विकेट जाते. घर्षणाचा वाटा असतो, पण थोडा. मुख्य कारण वेगळं आहे. हवा दाबण्यासाठी आपण जे काम करतो ते ऊर्जा बनून हवेत शिरतं आणि हवा तापते. आता हाच पंप विजेवर चालतोय आणि दाब ३०० बारपर्यंत न्यायचाय, अशी कल्पना करा. गाडीच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते, त्यावरून अंदाज येईल.

(मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय. "दाब" म्हटलं की मला आधी दाबेली आठवते. तेव्हा शुद्ध मराठीची अपेक्षा ठेवू नका, थर्मोडायनॅमिक्स तेवढं शुद्ध ठेवते.)

हा कॉम्प्रेसर लागतो कुणाला?

१० मीटर एअर रायफलमध्ये अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवलं. त्याच प्रकारात ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोला विश्वविजेता झाला. या रायफलींमध्ये दारू नसते. छोट्या सिलिंडरमधली दाबलेली हवा ४.५ मिमीची गोळी ढकलते. तो छोटा सिलिंडर मोठ्या सिलिंडरवरून भरतात आणि मोठा सिलिंडर भरायला हाय प्रेशर कॉम्प्रेसर लागतो. मोठे कॉम्प्रेसर फार महाग पडतात, म्हणून बरेच नेमबाज आणि क्लब छोटं दोन टप्प्यांचं मशीन घेतात. त्यात साधारण १.८ किलोवॅटची मोटर असते. कूलिंग म्हणजे बादलीत बुडवलेला एक पंप आणि दोन नळ्या. मशीन मरतं ते बहुतेक वेळा याच बादलीपायी.

आकडे काय म्हणतात

उष्णता बाहेर जाऊच दिली नाही असं धरू. २७ अंशांची हवा एकाच टप्प्यात ३०० पट दाबली तर सूत्रानुसार तापमान जवळजवळ १२५० अंश सेल्सियस येतं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं! म्हणून टप्पे पाडतात आणि मधे हवा थंड करतात. प्रत्येक टप्प्यात सारखाच गुणक ठेवला तर टप्प्याच्या शेवटी तापमान असं येतं :

- दोन टप्पे (प्रत्येकी सुमारे १७ पट) : साधारण ४०५ अंश
- तीन टप्पे (सुमारे ६.७ पट) : साधारण २४५ अंश
- चार टप्पे (सुमारे ४.२ पट) : साधारण १८० अंश

प्रत्यक्षात काही उष्णता भिंतीतून निसटते, त्यामुळे तापमान याहून कमी राहतं. पण दोन टप्प्यांच्या मशीनवर किती ताण आहे ते कळलं ना? मोठ्या मशीनमध्ये तीन-चार टप्पे असतात. आपल्या छोट्याने दोनातच काम भागवलंय आणि उरलेली जबाबदारी पाण्यावर टाकलीय.

तापमान वाढलं की तीन गोष्टी बिघडतात. एक, तेल पातळ होतं, जळून त्याचा कार्बन व्हॉल्व्हवर बसतो, आणि जास्तच तापलं तर दाबलेल्या हवेत तेलाची वाफ डिझेल इंजिनसारखी पेटू शकते. दोन, वरच्या टप्प्यातले बारीक सील आणि रिंगा जातात. तीन, गरम सिलिंडरमध्ये शिरणारी हवा फुगते, त्यामुळे प्रत्येक फेरीत कमी हवा भरली जाते आणि मशीन जास्त वेळ चालवावं लागतं.

उष्णतेचा जमाखर्च

हवा शेवटी पुन्हा खोलीच्या तापमानाला आली, तर तिची अंतर्गत ऊर्जा जवळपास होती तेवढीच राहते. म्हणजे मोटरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडलेली असते. १.८ किलोवॅटपैकी काही उष्णता मोटरच्या आणि मशीनच्या अंगातून हवेत जाते. पाण्यात १.२ किलोवॅट जाते असं धरू.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. बादली १५ लिटरची असेल तर पाणी दर मिनिटाला सुमारे १.१५ अंश तापतं. सुरुवात ३० अंशांवर केली आणि ४५ च्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तर हातात १३ मिनिटं आहेत.

आता सिलिंडर बघू. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरायला साधारण १८५० लिटर मोकळी हवा लागते. (३०० बारला हवा आदर्श वायूसारखी वागत नाही, म्हणून नुसता ६.८ गुणिले ३०० करून चालत नाही.) मशीन मिनिटाला ५० लिटर हवा देतं असं धरलं तर लागली ३७ मिनिटं. बादली पुरते १३ मिनिटं! बादलीऐवजी ६० लिटरचा ड्रम ठेवला तर पाणी मिनिटाला फक्त ०.२९ अंश तापेल आणि ३७ मिनिटांनी ४१ अंशांच्या आत राहील. थोडक्यात काय, सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे मोठा ड्रम.

बर्फाचाही हिशोब बघून घ्या. १ किलो बर्फ वितळून त्याचं पाणी ३० अंशांपर्यंत येताना सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता घेतो, म्हणजे साडेसहा मिनिटांची सोय. प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून त्या ड्रममध्ये सोडायच्या. पण मशीन आधीच तापलेलं असताना एकदम बर्फगार पाणी सोडू नका. धातू झटक्याने आकसतो आणि तडा जाऊ शकतो. थंड पाणी सुरुवातीपासूनच फिरू द्या.

पाणी हळू की जोरात?

वर्कशॉपमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य : "पाणी हळू सोड, म्हणजे त्याला उष्णता घ्यायला वेळ मिळेल." वाटतं बरोबर, पण आहे चूक. मिनिटाला १ लिटर पाणी सोडलं तर १.२ किलोवॅट घेताना ते १७ अंशांनी तापून बाहेर येतं. ३ लिटर सोडलं तर जेमतेम ६ अंशांनी. म्हणजे जोरात सोडल्यावर जॅकेटमधलं पाणी सरासरीने जास्त थंड असतं आणि उष्णता जास्त ओढतं. शिवाय ६ मिमीच्या नळीत मिनिटाला अर्धा लिटर असेल तर प्रवाह शांत, थरांचा असतो. ३ लिटरला रेनॉल्ड्स नंबर १३ हजारांच्या आसपास जातो, पाणी घुसळलं जातं आणि भिंतीजवळचा गरम थर मोडतो.

पण ३ चं ६ लिटर केलं म्हणून फायदा दुप्पट होत नाही. उष्णतेच्या वाटेत तीन रेझिस्टन्स सिरीजमध्ये आहेत : हवा ते भिंत, भिंत, आणि भिंत ते पाणी. पाण्याची बाजू सुधारली की हवेची बाजू अडून बसते. तेव्हा पुढचा खर्च मोठ्या पंपावर न करता दोन टप्प्यांमधल्या पाइपवर करा. त्यावर पंखा लावा किंवा बाहेरून पाण्याची नळी गुंडाळा. तिथे हवा थंड झाली की दुसऱ्या टप्प्याची सुरुवातच कमी तापमानाला होते. मात्र दाबाच्या कुठल्याही भागाला भोक पाडणं, वेल्डिंग करणं हे उद्योग नकोत.

करून बघण्यासारखं

१. परतीची नळी १ लिटरच्या बाटलीत धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. २० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३ लिटर. फारच वेळ लागला तर आधी नळीला पडलेली घडी शोधा. मशीन टेबलावर आणि ड्रम जमिनीवर असेल तर पंपाचा जोर वर चढण्यातच जातो. दोन्ही एका पातळीला आणा.

२. पाणी खालून आत आणि वरून बाहेर, असंच जोडा. उलट जोडलं तर वर हवेचा बुडबुडा अडकतो आणि हेड नेमकं तिथेच कोरडं राहतं.

३. पंप ड्रमच्या तळाशी एका बाजूला, परतीची नळी वर दुसऱ्या बाजूला. दोन्ही शेजारी ठेवल्या तर तेच गरम पाणी पुन्हा आत जातं आणि ६० लिटरचा काही उपयोग होत नाही.

४. बोअरचं पाणी टाळा. हॉस्टेलच्या गिझरची कॉइल एकदा बघा, म्हणजे का ते समजेल. त्या पांढऱ्या थरातून उष्णता इतकी हळू जाते की १ मिमीचा थर काही सेंटिमीटर जाड धातूइतका अडथळा करतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि गंज टाळण्यापुरता थोडा कूलंट घाला. निम्मा कूलंट ओतू नका, कारण पाण्यापेक्षा तो उष्णता कमी धरतो.

५. रेडिएटर लावला तरी पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड होणार नाही. नागपूरच्या मे महिन्यात ४४ अंश असतील तर पाणी त्याच्या वरच राहणार. तिथे माठाचं तत्त्व कामी येतं : परतीचं पाणी डेझर्ट कूलरच्या जाळीवरून सोडा. १.२ किलोवॅटसाठी तासाला पावणेदोन-दोन लिटर पाणी वाफ होऊन जाईल. कोकणात दमट हवेमुळे ही युक्ती फारशी चालणार नाही. आणि पाणी उडालं तरी क्षार मागेच राहतात, म्हणून ड्रमचं पाणी अधूनमधून बदला.

६. आधी पाणी, मग मोटर. थांबताना आधी मोटर, आणि पाणी आणखी ५ मिनिटं चालू. पाणी आणि वीज शेजारी आहेत, तेव्हा अर्थिंग आणि ३० मिलिअॅम्पिअरची ईएलसीबी हवीच.

कूलिंगचा लपलेला फायदा

पावसाळी हवेत घनमीटरमागे २० ग्रॅम पाणी सहज असतं. आपल्या सिलिंडरसाठी जवळपास ४० ग्रॅम, म्हणजे कटिंगचा अर्धा ग्लास! हवा थंड झाली की हे पाणी फिल्टरच्या आधीच गळून पडतं. ५० अंशांची संपृक्त हवा घनमीटरमागे ८३ ग्रॅम वाफ धरते, ३० अंशांची फक्त ३०. म्हणजे चांगल्या कूलिंगमुळे फिल्टरवरचा भार जवळपास एक तृतीयांश होतो आणि रायफल आतून गंजत नाही. तरीही दर ५ मिनिटांनी ड्रेन व्हॉल्व्ह उघडून पाणी काढायचा कंटाळा करू नका.

शेवटचं, पण गंमत सोडून

भरलेल्या ६.८ लिटरच्या सिलिंडरमधली हवा एकदम सुटली तर सुमारे ४ लाख ज्यूल मोकळे होतात. १ टनाची गाडी ताशी १०० किलोमीटरने धावताना तिच्यात साधारण एवढीच ऊर्जा असते. सिलिंडरवरची हायड्रो टेस्टची तारीख उलटून गेली असेल तर तो भरायचा नाही, मग सीनियर असो की सर, कुणीही सांगो. देशातल्या गॅस सिलिंडरच्या नियमांची अंमलबजावणी बघणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, आणि ते नियम अपघातांतून शिकूनच झालेत. आणि या मशीनची हवा श्वासासाठी कधीही वापरू नका. तापलेलं तेल कुजलं की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला वास नसतो.

हीट ट्रान्सफरचा पेपर आपण पाठ करून पास होतो. पण ड्रम, दोन नळ्या, एक थर्मामीटर आणि रिकामी बाटली एवढ्यावर तो विषय अर्ध्या दिवसात हातात येतो. बाटलीने प्रवाह मोजा, आत-बाहेरच्या तापमानाचा फरक घ्या, ४.२ ने गुणा. मिनिटाला ३ लिटर आणि ६ अंश फरक म्हणजे १.२६ किलोवॅट. असं उत्तर स्वतःच्या मशीनवर काढलं की पुढच्या व्हायव्हात "घर्षणामुळे" म्हणायची वेळ येणार नाही. बघा करून!