स्कॅन चांगला आहे, मग मी बरी का नाही?

प्रश्न : पाच आठवड्यांपूर्वी रस्त्यावरच्या खडीवरून स्कूटर घसरली. हेल्मेट होतं, शुद्धही गेली नाही. सीटी स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, मुका मार आहे, कन्कशन, होईल बरं. पण अजून कुकरची शिट्टी झाली की डोक्यात घण बसतो, पेपरचं एक पान वाचलं की मळमळतं. घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे ना, मग आता काय? एक दिवस जरा बरा जातो, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आडवी. आशा ठेवायची तरी कशाच्या जोरावर?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, आधी त्या रिपोर्टबद्दल. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलं असेल तर दिसतं. मेंदूला बसलेला हादरा त्यात दिसत नाही, कारण बिघाड रचनेत नसून कामात असतो. हादऱ्याने पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हे पूर्ववत करायला मेंदूला जास्त ग्लुकोज लागतं, आणि नेमका त्याच वेळी त्याचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. ही ओढाताण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निवळते. बरेचसे प्रौढ दोनेक आठवड्यांत सावरतात, मुलांना महिनाभर लागतो. काहींचं त्याहून लांबतं, तसं तुमचं लांबलं आहे. लांबलं म्हणजे आतून काही बिघडत चाललंय, असा अर्थ काढू नका. या टप्प्यावर त्रासाचं मूळ बहुधा मानेत, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत, डोळ्यांच्या एकत्र हालचालीत किंवा बिघडलेल्या झोपेत सापडतं. वाचताना मळमळतं हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. डोळ्यांसाठी आणि तोलासाठी व्यायाम आहेत, ते शिकवणारे फिजिओथेरपिस्ट आहेत.

आपल्याला काय होतंय हे कळणं हाही उपचाराचाच भाग आहे. ऑस्ट्रेलियात जेनी पॉन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याला सौम्य मार लागलेल्या काही जणांना आठवड्याभरात एक पुस्तिका दिली : कोणता त्रास होऊ शकतो, तेव्हा काय करायचं. तीन महिन्यांनी त्यांच्या तक्रारी पुस्तिका न मिळालेल्यांपेक्षा कमी होत्या. तुमच्या हातात अशी पुस्तिका कोणी दिली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तो बरा दिवस आणि दुसऱ्या दिवशीचं आडवं पडणं. हे मी भोगलंय. माळ्यावरची परात काढताना स्टुलावरून पडलो होतो. जरा बरं वाटलं की राहिलेली सगळी कामं उरकायला घ्यायचो, आणि पुढचे दोन दिवस पडदे ओढून पडायचो. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बायको दुधाचा हिशेब लिहिते. त्याच चौकटीत मी रोज रात्री डोकेदुखीला दहापैकी आकडा द्यायला लागलो. चौथ्या आठवड्यात एके संध्याकाळी खात्रीच पटली की आपण काही सुधारत नाही. त्या दिवशीचा आकडा होता ५. मग पान मागे उलटलं. पहिल्या आठवड्यात ७, ८, ७, ६. म्हणजे माझा आताचा वाईट दिवस तेव्हाच्या सगळ्यात चांगल्या दिवसापेक्षाही हलका होता. दिवसाला दिवस ताडून पाहिला असता तर हे कधीच कळलं नसतं. तुम्हीही आठवड्याला आठवडा ताडून पाहा.

अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणं. अमेरिकेत बफेलोच्या जॉन लेडी यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की त्रास वाढणार नाही इतपत व्यायाम करणारे किशोरवयीन खेळाडू साधारण १३ दिवसांत सावरले, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १७ दिवस लागले. डॉक्टरांना विचारून सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं चालून पाहा. आकडा दोनहून जास्त वाढला तर थांबा. थोडा वाढून तासाभरात उतरला तर घाबरू नका. आणि बऱ्या दिवशीही ठरवल्यापेक्षा जास्त करू नका. हे सगळ्यात अवघड आहे, पण तेच सांभाळायचं.

घरच्यांना हे पान वाचायला द्या. प्लॅस्टर असतं तर कोणी तुम्हाला कणीक मळायला सांगितली नसती. चिडचीड आणि उदासी हीसुद्धा या दुखण्याचीच लक्षणं आहेत, स्वभावावर घेऊ नका. उदासी फारच दाटली तर डॉक्टरांना सांगा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा.

डोकेदुखी वाढतच गेली, वारंवार उलट्या झाल्या, फिट आली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं किंवा जाग येईना, तर मात्र वाट न पाहता १०८ ला फोन करायचा. घरात सगळ्यांना हे माहीत हवं.

स्कूटर इतक्यात नको. बऱ्या होत असताना डोक्याला दुसरा मार बसणं वाईट. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा चालवाल. त्याआधी एक काम करा. त्या दिवशी डोक्यावर होतं ते हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या आणि नवं आयएसआय मार्क असलेलं घ्या. एकदा जोराचा मार झेललेलं हेल्मेट दुसऱ्यांदा तसंच वाचवेल याचा भरवसा नसतो.