कमावलेले बळ आणि उसने बळ

शरीराविषयी बोलताना आपल्या मराठी भाषेने एक मोठा अर्थपूर्ण शब्द योजिला आहे. आपण शरीर ‘कमावतो’. विद्या मिळवावी, धन जोडावे, परंतु शरीर मात्र कमवावे असे आपले वाडवडील म्हणत आले. ज्याला कमाई म्हणावयाचे तिच्यामागे घाम व काळ ही दोन्ही असावी लागतात, हा अर्थ त्या शब्दातच आहे. या शब्दाचे मोल आम्हां वऱ्हाडकरांना विशेष कळावयास हवे. वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि 1936 साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगी या मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे करून दाखविली. ते बळ आखाड्याच्या मातीत व मल्लखांबावर कमावलेले होते.

परंतु जगात आज दुसऱ्याही एका प्रकारच्या बळाचा बाजार मांडलेला आहे. ते गोळीतून गिळता येते, सुईतून टोचून घेता येते, आणि थोड्या आठवड्यांत अंगावर दिसू लागते. यास आम्ही उसने बळ म्हणतो. कारण जे उसने घेतले ते कधीतरी व्याजासह फेडावे लागते. खेळात सरस ठरण्यासाठी निषिद्ध औषधे घेण्याच्या या प्रकारास इंग्रजीवरून ‘डोपिंग’ असे म्हणतात व अशा औषधांस आपल्याकडे उत्तेजक द्रव्ये हे नाव रूढ झाले आहे. हा विषय दूरदेशीचा आहे, आपल्या मुलांशी त्याचा काय संबंध, असे कोणा पालकास वाटत असेल, तर त्यांनी पुढील हकीकत अवश्य वाचावी.

पृथ्वी शॉ या मुंबईच्या खेळाडूने ऑक्टोबर 1918 नव्हे, अगदी अलीकडे, ऑक्टोबर 2018 मध्ये राजकोट येथे आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यात 134 धावा काढल्या, तेव्हा त्याचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. पुढे चारच महिन्यांनी, 22 फेब्रुवारी 2019 रोजी, इंदूर येथील एका स्पर्धेत त्याच्या मूत्राचा नमुना घेण्यात आला आणि त्यात टर्ब्युटालीन हे निषिद्ध द्रव्य सापडले. हे द्रव्य श्वासनलिका मोकळ्या करणारे असून खोकल्याच्या औषधांत ते सर्रास असते. त्याने ते अजाणतेपणी घेतले होते, हे भारतीय क्रिकेट नियामक मंडळानेही मान्य केले. तथापि आठ महिन्यांच्या बंदीतून त्याची सुटका झाली नाही. त्याच सुमारास मंडळाने आपल्या विदर्भाच्याही एका खेळाडूवर आठ महिन्यांची बंदी जाहीर केली. ज्या विदर्भाने 2017-18 व 2018-19 असा लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकून सर्वांस थक्क केले होते, त्याच विदर्भाच्या दारात हा प्रश्न येऊन उभा राहिला. खोकल्याची बाटली कोणाच्या घरी नसते? एवढ्या साध्या वस्तूने एका होतकरू खेळाडूवर बंदी ओढवली.

येथे विद्यार्थी विचारतील की, ज्याने जाणून अपराध केला नाही त्यास शिक्षा का? याचे उत्तर असे की, ज्याच्या शरीरात द्रव्य सापडले त्यानेच त्याचा जाब द्यावयाचा, हा या व्यवस्थेचा पायाच आहे. 1999 साली स्थापन झालेली जागतिक उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्था, जिला संक्षेपाने ‘वाडा’ म्हणतात, ती निषिद्ध द्रव्यांची यादी दरवर्षी प्रसिद्ध करते. आपल्या देशात हे कार्य ‘नाडा’ ही राष्ट्रीय संस्था पाहते. खेळाडूने अधिकाऱ्यासमक्ष मूत्राचा नमुना द्यावयाचा, तो ‘अ’ व ‘ब’ अशा दोन बाटल्यांत विभागून मोहोरबंद करावयाचा, प्रथम ‘अ’ बाटली तपासावयाची, व तीत दोष आढळल्यास खेळाडूच्या मागणीवरून ‘ब’ बाटली उघडावयाची, अशी ही रीत आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर जर प्रत्येकजण सुटू लागला, तर खरा चोर सर्वांत आधी तेच म्हणेल. अजाणतेपणा सिद्ध झाल्यास शिक्षा सौम्य होते. परंतु जबाबदारी टळत नाही.

ही जबाबदारी किती जड असते, हे कुस्तीगीर नरसिंग यादव यांच्या उदाहरणावरून दिसून येईल. 2011 ते 2013 अशी सलग तीन वर्षे त्यांनी महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली होती आणि 2015 साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक पटकावले होते. रिओ येथील 2016 च्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. परंतु सामन्यांच्या तोंडावर त्यांच्या नमुन्यांत मेटॅन्डिएनोन हे स्नायू वाढविणारे द्रव्य आढळले. आपल्या अन्नपाण्यात कोणीतरी ते कालविले असे त्यांचे म्हणणे होते, आणि नाडाच्या समितीने 1 ऑगस्ट रोजी त्यांना दोषमुक्तही केले. वाडाने त्या निर्णयावर अपील केले. 18 ऑगस्ट 2016 रोजी, म्हणजे त्यांच्या कुस्तीच्या आदल्याच दिवशी, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने घातपाताचा पुरावा अपुरा ठरवून त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. यादव यांनी आपण निर्दोष असल्याचे म्हणणे सोडले नाही. त्या वादात आम्ही शिरत नाही. खेळाडूच्या ताटात व पेल्यात काय आहे, यावर त्याची सारी हयात अवलंबून असते, एवढा बोध मात्र कोणासही घेता येईल.

आता जाणूनबुजून घेतलेल्या बळाकडे वळू. अमेरिकेत बेसबॉल हा चेंडूफळीचा खेळ फार लोकप्रिय आहे. चेंडू मैदानापलीकडे टोलविण्यास तेथे ‘होम रन’ म्हणतात. एका हंगामात 61 होम रन हा 1961 सालचा विक्रम सदतीस वर्षे अबाधित होता. 1998 साली मार्क मॅग्वायर या खेळाडूने 70 होम रन काढून तो मोडला, तेव्हा साऱ्या देशाने त्यास डोक्यावर घेतले. पुढे डिसेंबर 2007 मध्ये जॉर्ज मिचेल यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि धंदेवाईक बेसबॉलमध्ये या द्रव्यांचा किती सुळसुळाट झाला होता हे उघडकीस आले. 2010 साली मॅग्वायर यांनी स्वतःच कबुली दिली की, त्या विक्रमाच्या वर्षीही आपण स्टेरॉइडे घेत होतो. तेथील थोर खेळाडूंच्या सन्मानगृहाचे दार त्यांना उघडले नाही. सत्तर हा आकडा पुस्तकात राहिला. परंतु तो पाहून ज्यांचे डोळे पाणावले होते, त्यांना तो आता अभिमानाने कोणाला सांगता येत नाही.

याहून करुण कथा जर्मनीची आहे. ज्या बर्लिनमध्ये अमरावतीच्या पथकाने आपले कौशल्य दाखविले, त्याच शहराच्या पूर्व भागातून पुढे राज्य करणाऱ्या सरकारने खेळातील कीर्तीसाठी आपल्याच मुलींचा बळी दिला. 1976 च्या मॉंट्रियल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या महिलांनी पोहण्याच्या तेरा शर्यतींपैकी अकरा जिंकल्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलींनाही जीवनसत्त्वे म्हणून ज्या निळ्या गोळ्या देत, ती वास्तविक स्टेरॉइडे होती. मुलींचे आवाज पुरुषी झाले, पुढे कित्येकींना दीर्घकाळच्या व्याधी जडल्या. 2000 साली बर्लिनच्या न्यायालयाने तेथील माजी क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड यांना दोषी ठरविले. परंतु गेलेले आरोग्य कोणत्याही निकालाने परत येत नाही.

हे औषध शरीरात करते तरी काय? पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचा स्राव निसर्गतःच तयार होतो व त्यायोगे स्नायू भरतात. अशी कृत्रिम द्रव्ये बाहेरून घातली म्हणजे स्नायू फुगतात खरे. परंतु मेंदूस वाटते की, पुरवठा पुष्कळ आहे, आता घरची निर्मिती नको. आणि शरीराचा स्वतःचा कारखाना मंद पडतो. पोटातून घेतलेल्या गोळ्या यकृतास इजा करितात, रक्तातील हितकर मेद घटून हृदयविकाराचा धोका वाढतो, स्वभाव तापट बनतो. वाढत्या वयाच्या मुलांत तर हाडांच्या टोकांची वाढ अकाली थांबून उंचीच खुंटते. आपल्याकडील शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको. नुसता युरिया ओतला म्हणजे कपाशी हिरवीगार व उंच दिसते, शेजारी कौतुक करितो. परंतु बोंडे धरण्याच्या वेळी झाड रिकामेच उभे असते.

हा मोह केवळ नामांकित खेळाडूंनाच होतो असे नाही. 2023 साली भारतात तपासलेल्या 5,606 नमुन्यांपैकी 213 सदोष निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत अधिक होते. तपासणीच्या कक्षेबाहेर तर कित्येक जण असतात. अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर पहाटे पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावणारे तरुण आपण पाहतो. एका सेकंदावर घराचे भवितव्य लटकलेले असता कोणी येऊन ‘एक सुई घे, वेळ सुधारेल’ असे कानात सांगितले, तर गरजू मुलाचे मन डळमळणे अशक्य नाही. अशा प्रसंगी त्याच्या पाठीशी जाणते वडीलधारे माणूस असले पाहिजे.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, व्यायामशाळेतून मुलाने आणलेल्या प्रत्येक डब्याची चौकशी करावी. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने 2000-01 मध्ये तेरा देशांतील 634 पूरक आहारद्रव्ये तपासली, त्यांपैकी 94 मध्ये वेष्टनावर न लिहिलेली स्टेरॉइडसदृश द्रव्ये मिसळलेली आढळली. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाने डॉक्टरांकडे गेल्यावर ‘मी खेळाडू आहे’ हे प्रथम सांगावे. आजारासाठी निषिद्ध औषध खरोखरच आवश्यक असेल, तर त्याकरिता रीतसर परवानगी मिळविण्याची सोय नियमांत आहे. औषध चोरून घेण्याचे किंवा आजार अंगावर काढण्याचे कारण नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, दूध, शेंगदाणे, पुरेशी झोप व नियमित मेहनत यांवर आपल्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या पहिलवान घडत आले आहेत.

आणि पालकांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. मुलगा दुसरा आला म्हणून घरात सुतक धरले जाते काय? ज्या घरात केवळ पहिल्या क्रमांकाचीच आरती होते, तेथे उसन्या बळास दार आपोआप उघडते.

विद्यार्थिमित्रांनो, 1952 साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमविली होती. ते पदक तिसऱ्या क्रमांकाचे होते. तरी इतक्या वर्षांनंतरही त्याचे नाव घेताना महाराष्ट्राची मान ताठ होते, कारण त्याच्या मागे लपवावे असे काही नाही. सामना हरलात तर पुढील वर्षी पुन्हा उतरता येईल. हाडांची वाढ व लोकांचा विश्वास या दोन गोष्टी मात्र एकदा गेल्या की पुढील वर्षी मिळत नाहीत. तेव्हा तुमच्या दंडात जे बळ असेल, ते थोडे असो वा फार, तुम्ही स्वतः कमावलेले असावे, हीच आमची इच्छा आहे.