वास्तुवाचक शब्द आणि अर्थपरिवर्तन

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• वास्तूचा उपयोग बदलल्यावर तिच्या वाचक शब्दाचे काय होते, हे सांगता येईल.
• अर्थसंकोच, अर्थविस्तार व अर्थांतर यांची उदाहरणे आपल्या परिसरातून देता येतील.

प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, इमारत कोणत्या तरी प्रयोजनासाठी उभारली जाते आणि पुष्कळदा त्या प्रयोजनावरूनच तिला नाव मिळते : नाट्यगृह, वसतिगृह, धर्मशाळा. पुढे प्रयोजन बदलते; शब्द मात्र लगेच बदलत नाही. कोल्हापूरचा नवा राजवाडा १८८४ मध्ये पूर्ण झाला. आज त्याच्या एका भागात वस्तुसंग्रहालय आहे. तरीही लोकांच्या बोलण्यात तो 'राजवाडा'च आहे आणि 'नवा'ही आहे. वास्तू आणि शब्द यांच्या गतीतील हे अंतर आपण येथे अभ्यासणार आहोत.

१. मजला आणि माडी
'मजला' हा शब्द मूळ अरबी 'मंझिल'पासून आला. मंझिल म्हणजे प्रवासात उतरण्याचे ठिकाण. हिंदी-उर्दूत वाटेतील टप्पा आणि इमारतीचा थर या दोहोंसाठी हा एकच शब्द चालतो. मराठीने मात्र रूपे वाटून घेतली : वाटेसाठी 'मजल' ('मजल दरमजल'), घरासाठी 'मजला'. प्रवासातील मुक्काम इमारतीतील थर झाला. हे अर्थांतर होय.

'माडी'चे नाते द्राविड भाषांशी आहे. कन्नड 'महडी' व तमिळ 'माडि' हे तिचे सगोत्र शब्द. जुन्या घराला बहुधा एकच माडी असे, त्यामुळे ती मोजण्याची गरज नव्हती. बहुमजली इमारती आल्या, तशी मोजणी आली. आपण 'दहावा मजला' म्हणतो, 'दहावी माडी' म्हणत नाही. शिवाय 'माडी चढणे' या प्रयोगाला हीन अर्थ चिकटला, हा अर्थापकर्ष. अशा रीतीने नव्या इमारतीत 'मजला' टिकला आणि 'माडी' जुन्या घरापुरती उरली.

२. तालीम
अरबी 'तअलीम' म्हणजे शिक्षण. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये मांडलेल्या 'नई तालीम' योजनेत हाच व्यापक अर्थ आहे. मराठीत तो कुस्तीच्या व नाटकाच्या सरावापुरता आकुंचित झाला ('रंगीत तालीम'), हा अर्थसंकोच. नंतर सरावाचे नाव सरावाच्या जागेला मिळाले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती वाढलेल्या कोल्हापुरात गंगावेश, मोतीबाग या तालमी प्रसिद्धच आहेत. पुढे पेठेतील तरुणांचे मंडळही 'तालीम' झाले. 'आज तालमीची मॅच आहे' या वाक्यात तालीम म्हणजे फुटबॉलचा संघ. पाटाकडील तालीम हे त्याचे परिचित उदाहरण. लाल मातीचा हौदा नसला तरी शब्द चालतो, कारण लोक एकत्र येण्याचे प्रयोजन शिल्लक आहे. हा अर्थविस्तार होय.

३. सोपा, हॉल, अपार्टमेंट
इंग्रजीत 'अपार्टमेंट' म्हणजे एका कुटुंबाचे घर. आपल्याकडे तो शब्द संपूर्ण इमारतीला लागला आणि एका घरासाठी 'फ्लॅट' आला. येथे अंशाचे नाव पूर्णाला मिळाले आहे.

कोल्हापूर भागातील घरात शिरताच लागणारी जागा म्हणजे 'सोपा'. पाहुण्यांची बैठक, धान्याची पोती, आजोबांचे अंथरूण, मुलांचा अभ्यास हे सारे तेथेच. फ्लॅटमध्ये या कामांची वाटणी झाली आणि पुढच्या खोलीला 'हॉल' हे नाव आले. 'हॉल' हा 'सोपा'चा प्रतिशब्द नव्हे. ती निराळी जागा आहे. तरीही अनेक विद्यार्थी घरी 'सोपा' म्हणतात आणि उत्तरपत्रिकेत, अशुद्ध ठरेल या भीतीने, 'हॉल' लिहितात. ही भीती निराधार आहे. बोलीतील शब्द अशुद्ध नसतो. मात्र जागा गेली आणि शब्द नोंदवला गेला नाही, तर त्या जागेतील जगण्याचा पुरावाही जातो.

सारांश
वास्तुवाचक शब्दाचा अर्थ भिंतींवर नव्हे, तर वापरावर अवलंबून असतो. प्रयोजन टिकले तर शब्द नव्या जागेत जातो. प्रयोजन विभागले गेले तर तो मागे पडतो.

स्वाध्याय
१. 'तालीम' या शब्दाच्या अर्थपरिवर्तनाचे टप्पे स्पष्ट करा.
२. 'वाडा' आणि 'वाडी' यांच्या अर्थांतील साम्यभेद सोदाहरण लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीकडून जुन्या घराच्या भागांची दहा नावे मिळवा. प्रत्येक नावापुढे ती जागा कशासाठी वापरली जाई, ते त्यांच्याच शब्दांत नोंदवा.