मोजमापातील चुका आणि प्रामाणिक नोंद

१७९६ साली इंग्लंडमधील ग्रिनिच वेधशाळेतील डेव्हिड किनेब्रुक या साहाय्यकास नोकरीस मुकावे लागले. घड्याळाचे ठोके ऐकत, दुर्बिणीतील उभ्या रेषेवरून तारा सरकण्याचा क्षण टिपणे हे त्याचे काम. त्याच्या नोंदी वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांच्या नोंदींहून सुमारे ०.८ सेकंद मागे पडू लागल्या आणि दोष त्याच्या माथी आला. पुढे १८२० च्या सुमारास बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या. तेव्हा कुशल व दक्ष निरीक्षकांतही असा ठराविक फरक राहतो, असे दिसून आले.

प्रयोगाच्या तासास वर्गातही असेच घडते. अपेक्षेहून वेगळा आकडा आला की मूल तो खोडते व शेजाऱ्याचा उतरविते. अशा वेळी विज्ञानाचा पाठ पुरा होतो. परंतु विज्ञानाची वृत्ती मागे राहते. म्हणून चुकांचे प्रकार शिक्षकांनी नीट ध्यानी घ्यावेत.

१. ढोबळ चूक : ही निष्काळजीपणाने होते. आकडा उलटा लिहिणे, मोजताना एक गाळणे, ही तिची उदाहरणे. मोजणी पुन्हा केल्यास ती उघडकीस येते.

२. पद्धतशीर त्रुटी : ही प्रत्येक वेळी एकाच दिशेने होते. मोजपट्टीचे टोक झिजलेले असणे, तराजू रिकामा असतानाच एका बाजूस झुकणे, मोजपात्रातील पाण्याची पातळी नेहमी वरून पाहणे, ही तिची कारणे होत. शंभर वेळा मोजून सरासरी काढली तरी ही त्रुटी जात नाही. तिचे कारणच शोधावे लागते. पट्टी झिजली असल्यास १ सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजावे व शेवटी १ वजा करावा. पाण्याची पातळी पाहताना डोळा तिच्या समोर आणावा.

३. यादृच्छिक त्रुटी : ही कधी अधिक, कधी उणी अशी होते. घड्याळ सुरू व बंद करताना हात किंचित मागेपुढे होतो. अनेक वाचने घेऊन सरासरी काढल्याने तिचा परिणाम कमी होतो.

हे तिन्ही प्रकार एकाच प्रयोगात दाखविता येतात. दोऱ्यास लहान जड गोळा बांधून लंबक करावा. टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी १०० सेंटिमीटर ठेवावी व झोका लहान द्यावा. एका आंदोलनास सुमारे २ सेकंद लागतात. एकच आंदोलन मोजल्यास हाताची चूक सर्वस्वी त्यावर पडते. २० आंदोलने मोजल्यास ती वीस भागांत विभागली जाते. साध्या मोबाइलमधील विरामघड्याळ यास पुरेसे आहे.

समजा, सहा मुलांची वाचने ४०.२, ३९.८, ४०.४, ४०.०, ३८.१ व ४०.१ सेकंद आली. पाचव्या मुलास “तुझे चुकले” असे म्हणू नये. त्याने कसे मोजले, ते सर्वांसमोर पुन्हा करून दाखविण्यास सांगावे. गोळा सोडतानाच त्याने “एक” म्हटले असल्यास त्याची आंदोलने १९ च भरली, हे वर्गाच्या आपोआप लक्षात येईल. आरंभी “शून्य” म्हणावयाचे, हा धडा मग कोणी विसरणार नाही. ते वाचन खोडू नये. त्यापुढे कारण लिहून सरासरीतून वगळावे. उरलेल्या पाचांची बेरीज २००.५, सरासरी ४०.१, म्हणजे एका आंदोलनास सुमारे २.० सेकंद.

मात्र कारण सापडल्यावाचून कोणतेही वाचन वगळू नये. केवळ गैरसोयीचे म्हणून आकडा टाकून देणे ही त्रुटी नव्हे, असत्य होय.

वही तपासताना उत्तरापेक्षा नोंदीस अधिक मोल द्यावे. “माझे उत्तर वेगळे का आले?” असे ज्या वर्गात मूल निर्भयपणे विचारते, त्या वर्गात प्रयोग खऱ्या अर्थाने सफल झाला असे समजावे.