ट्रेलरची पाणसळ : हाताने की बटणाने?

मेसमधलं कोपऱ्यातलं ते डुगडुगणारं टेबल सगळ्यांच्या परिचयाचं आहे. आमटीची वाटी ठेवली की आमटी एका काठाला जाते. मग कोणीतरी जुन्या सबमिशनच्या कागदाची घडी करून पायाखाली सारतं. दोन दिवसांनी टेबल सरकतं, घडी तिथेच राहते आणि आमटी पुन्हा सांडते. माझ्या लेखाचा विषय हाच आहे. फरक एवढाच की आमचं टेबल साडेसातशे किलोचं आहे, त्याला चाकं आहेत आणि त्यात दोन माणसं झोपणार आहेत.

झालं असं, की निवृत्त झालेले एक सर आमच्या डिपार्टमेंटला आले आणि म्हणाले, "मला आणि काकूंना गाडीमागे ओढून न्यायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर हवा आहे. साहित्याचा खर्च माझा, डोकं तुमचं." २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून हे त्यांच्या मनात होतं म्हणे. आम्ही चौघांनी तो प्रोजेक्ट घेतला. एक अ‍ॅक्सल, वर प्लायवूडची बॉडी, दोन बिछाने, छोटं सिंक आणि एक फ्रिज. चासिसचं वेल्डिंग होईपर्यंत आमची एकदाही भांडणं झाली नाहीत. भांडणं लागली ती लेव्हलिंगवरून. मुक्कामाच्या जागी पोचल्यावर ट्रेलर सपाट कसा करायचा? दोघं ऑटोमॅटिकच्या बाजूचे : चार कोपऱ्यांना चार इलेक्ट्रिक जॅक, मध्ये एक सेन्सर, एक बटण. मी आणि माझी रूम पार्टनर मॅन्युअलच्या बाजूच्या. त्याचं प्रामाणिक कारण म्हणजे ऑटोमॅटिक किटची किंमत आमच्या अख्ख्या चासिसच्या स्टीलपेक्षा जास्त होती.

पहिला प्रश्न, सपाट हवाच कशाला? याचं पुस्तकी उत्तर फ्रिज असं आहे. जुन्या कॅराव्हॅनमध्ये गॅसवर चालणारा अ‍ॅबसॉर्प्शन फ्रिज असायचा. तो १९२२ मध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांनी शोधला. (विद्यार्थी असताना! आम्ही अजून जर्नल पूर्ण करतोय.) त्यात पंप नाही, कॉम्प्रेसर नाही. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण नुसत्या उष्णतेवर आणि उतारावर फिरत राहतं. फ्रिज जास्त कलला की द्रव एका जागी साचतो, बॉयलर नको तेवढा तापतो आणि फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून त्या काळी लोक लेव्हलबद्दल इतके काटेकोर होते. आम्ही मात्र १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज घेतला होता. त्याला थोडा कल चालतो. म्हणजे फ्रिजचा मुद्दा बाद. उरलं काय, तर सिंकचं पाणी नीट निघून जाणं, दरवाजा आपोआप न उघडणं, आणि झोप. दोन मीटरच्या बिछान्याला दोन डिग्रीचा उतार असेल तर डोकं पायापेक्षा सात सेंटिमीटर खाली जातं. तसं एक रात्र झोपून बघा.

आता आकडे. आमच्या दोन चाकांमधलं अंतर १.५ मीटर आहे. आडव्या दिशेने एक डिग्री कल म्हणजे एका चाकाखाली २६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेली एक इंची फळी म्हणजे एक डिग्री! हे कॅलक्युलेटरवर दिसलं तेव्हा मला भलताच आनंद झाला होता. पुढे-मागेची गोष्ट वेगळी. अ‍ॅक्सलपासून पुढच्या दांड्याच्या छोट्या चाकापर्यंत २.४ मीटर आहेत, तिथे एक डिग्री म्हणजे ४२ मिलिमीटर.

पण खरा फरक उंचीत नाही, वजनात आहे. ट्रेलरचं वजन मुद्दाम असं मांडतात की साधारण दहावा हिस्सा पुढच्या दांड्यावर यावा. आमच्याकडे तो ७५ किलो. उरलेले ६७५ किलो दोन चाकांवर, म्हणजे एकेका चाकावर जवळजवळ ३४०. तेव्हा पुढची बाजू वर-खाली करणं म्हणजे एक माणूस उचलण्याएवढंच काम, आणि एक बाजू उचलणं म्हणजे पाच माणसं. 'लेव्हलिंग' हा एक शब्द असला तरी ती दोन वेगळी कामं आहेत. आम्ही मात्र महिनाभर एकच काम समजून भांडत होतो.

हे कळलं ते एका फजितीतून. वर्कशॉपच्या मागे जरा उतार आहे, तिथे पहिली ट्रायल घेतली. जुन्या बाजारातून रविवारी आणलेला स्क्रू जॅक होता. आम्ही काय केलं, तर आधी ट्रेलर गाडीपासून सोडवला, एका चाकामागे एक दगड ठेवला आणि खालच्या बाजूला जॅक लावून फिरवायला सुरुवात केली. ते चाक जमिनीवरून सुटायला आणि ट्रेलर दुसऱ्या चाकावर फिरायला एकच गाठ पडली. जॅक आडवा झाला. चाक धप्पकन खाली आलं. माझ्या रूम पार्टनरचा हात सेकंदापूर्वी त्याच रिमवर होता.

फिटिंग शॉपचे मामा धावत आले. त्यांनी आधी तिचा हात उलटसुलट करून पाहिला आणि मगच आम्हाला झापलं. "उटी कुठंय? दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी उटी लावल्याशिवाय हात लावायचा नाही." उटी म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून लावतात तो दगड किंवा पाचर. मग म्हणाले, "आणि पाणसळ आण." मी पळत जाऊन पाण्याची बाटली आणली. सगळे हसले. कॉन्व्हेंटमध्ये 'स्पिरिट लेव्हल' शिकलेल्या मला, गवंडी जिला पाणसळ म्हणतो ती हीच, हे विसाव्या वर्षी कळलं. ती मग बोहरी आळीतून विकत आणली.

त्या दिवशी ऑटोमॅटिकवाल्यांना वाटलं की आपण जिंकलो. बटण असतं तर कोणाचा हात चाकाजवळ गेलाच नसता. हे खरंच आहे. पण बटण उटी लावत नाही. उतारावर, ब्रेक असलेलं चाक जमिनीवरून उचलायचं नाही हा नियम चार इलेक्ट्रिक जॅकनाही लागू आहे, कारण ब्रेक चाकाला असतो आणि चाक हवेत असेल तर तो धरणार कशाला? बरोबर क्रम असा आहे : ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच खालच्या बाजूचं चाक फळ्यांवर चढवायचं, मग उटी, मग गाडी सोडवायची, मग पुढचं छोटं चाक वर-खाली करून पुढे-मागे लेव्हल, आणि शेवटी कोपऱ्याचे चार पाय फक्त टेकवायचे. ते पाय उचलण्यासाठी नसतात, आत चालताना ट्रेलर हलू नये म्हणून असतात. ही चूक बरेच लोक करतात. पायांनीच उचलायला जातात आणि चासिसला पीळ बसतो. दरवाजा घट्ट बसायला लागला की समजावं.

पीळ का बसतो, ते मेसच्या टेबलावरून कळेल. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. चौथा पाय आला की तो एकतर हवेत राहतो किंवा जबरदस्तीने टेकवावा लागतो. चार जॅकच्या सिस्टिमची खरी हुशारी इथेच लागते. चांगला कंट्रोलर प्रत्येक मोटरचा करंट बघतो. करंट वाढला म्हणजे पाय जमिनीला लागून भार घेऊ लागला. नुसता कोन बघणारा कंट्रोलर ट्रेलर सपाट दाखवेल आणि एक पाय हवेतच असेल.

आणि सेन्सरला 'सपाट' म्हणजे काय हे सांगतं कोण? आत एक छोटा अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, तो गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. पण तो ज्या पट्टीवर बसवलाय ती पट्टी फरशीला समांतर आहे की नाही, हे त्याला माहीत नसतं. म्हणून बसवताना एकदा फरशीवर पाणसळ ठेवून, बुडबुडा मधे आणून, त्याला "हे शून्य" असं शिकवावं लागतं. ऑटोमॅटिकचा जन्मच मॅन्युअलच्या पोटी! सिव्हिलवाल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. त्यांचा ऑटो लेव्हल (झाइसचा एनआय-२ हा पहिला, १९५०चा) डंपी लेव्हलपेक्षा कितीतरी झटपट लागतो. पण त्यातला कॉम्पेन्सेटर साधारण पाव डिग्रीच्या आतलीच चूक सावरतो. त्याआधी गोल बुडबुडा हातानेच मधे आणावा लागतो. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला तो न आणता रीडिंग घेणारे महाभाग प्रत्येक बॅचला असतात.

इथपर्यंत मला वाटत होतं की मॅन्युअल जिंकलं. मी हिशोबही केला होता : ३४० किलोची बाजू ८ सेंटिमीटर उचलायला सुमारे २६५ ज्यूल. स्क्रू जॅकची एफिशियन्सी ३० टक्के धरली तरी ९०० च्या आत. एका ग्लुकोज बिस्किटात सत्तर हजारांच्या आसपास ज्यूल असतात. म्हणजे एका बिस्किटावर सर ट्रेलर कितीदा तरी उचलतील, असं मी रिव्ह्यूमध्ये ऐटीत सांगितलं.

काकू त्या दिवशी सरांबरोबर आल्या होत्या. त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्या शांतपणे म्हणाल्या, "बिस्किटाचं ठीक आहे गं, पण चिखलात चार कोपऱ्यांना चारदा उकिडवं कोण बसणार? ह्यांचीही पासष्टी उलटलीय. आणि रात्री पाऊस येऊन एक बाजू खचली, तर तुमचं ते बटण आपलं आपण काम करील, की मला उठवील?"

दोन्ही पार्ट्या गप्प. प्रश्न ज्यूलचा नव्हता, गुडघ्यांचा होता. माझ्या टेबलात तो कॉलमच नव्हता. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऑटोमॅटिककडेही नव्हतं, कारण बहुतेक सिस्टिम एकदा सपाट करून थांबतात. माणसं झोपलेली असताना घर आपोआप हलावं असं कोणालाच नको असतं.

खचण्याचं उत्तर जॅकमध्ये नाहीच, जॅकच्या खाली आहे. पुढच्या चाकावरचे ७५ किलो जमिनीला टेकतात जेमतेम १२ चौरस सेंटिमीटरवर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहा किलोच्या वर. काळी माती ढोबळमानाने एखादा किलो झेलते, भिजल्यावर त्याहूनही कमी. त्याच चाकाखाली ३० बाय ३० सेंटिमीटरची फळी ठेवली की दाब ०.०८ वर येतो. जेसीबीवाले आणि क्रेनवाले पायाखाली लाकडाचे ठोकळे टाकतात ते याचसाठी. आम्ही पावसाळ्यात पवना धरणाच्या बाजूला एका शेतकऱ्याची परवानगी घेऊन दोन रात्री ट्रेलर उभा केला. पहिल्या रात्री फळी न टाकता : सकाळी चाक चार सेंटिमीटर रुतलेलं, म्हणजे बरोबर एक डिग्री. दुसऱ्या रात्री फळीवर : पाणसळीचा बुडबुडा जिथे होता तिथेच. पाऊस दोन्ही रात्री सारखाच धो धो.

मग आम्ही काम दोन भागांत तोडलं. आडवी लेव्हल जड आहे, तर ती गाडीच्या इंजिनने करायची : एक-एक इंचाच्या फळ्यांची पायरी, प्रत्येक फळीला दोरीची मूठ, म्हणजे वाकायला नको. पुढे-मागेची लेव्हल हलकी आहे, तिथे एकच छोटा इलेक्ट्रिक जॅक, उभ्याने दाबायचं बटण, आणि बॅटरी उतरली तर हाताने फिरवायचं हँडल. (हे हँडल विसरू नका. बॅटरी गेली आणि जॅक खालीच राहिला तर ट्रेलर निघणारच नाही!) कोपऱ्याचे पाय खाली करायला लांब रॉड, तो ड्रिलला बसतो. आणि ऑटोमॅटिकवाल्यांचा सेन्सर आम्ही ठेवला, पण त्याच्या हातात जॅक न देता. तो फक्त गाडीतल्या छोट्या डिस्प्लेवर दोन आकडे दाखवतो. काकू पुढच्या सीटवर बसून वाचतात, "डावीकडे दोन", आणि सर डाव्या चाकापुढे दोन फळ्या टाकतात.

तरी माझं मत असं, की मोठ्या, तीन-चार टनांच्या मोटर कॅराव्हॅनला, जी रोज नवा मुक्काम करते आणि जिचा ड्रायव्हर एकटा असतो, तिला पूर्ण ऑटोमॅटिकच बरं. तिथे फळ्यांचा खेळ परवडत नाही. एक्स्टर्नलनी विचारलंच, "पूर्ण ऑटोमॅटिक का नाही केलंत?" आम्ही गुडघ्यांचा कॉलम दाखवला. त्यांनी मार्क किती दिले ते अजून कळलेलं नाही.

मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला. डिस्प्ले ०.४ दाखवतोय आणि पाणसळीचा बुडबुडा मधोमध आहे, विश्वास कोणावर ठेवू? पाणसळीवर, असं मी सांगितलं, आणि शून्याचं बटण दाबायला लावलं. ते बटण बुडबुडा मधे असतानाच दाबायचं, हे काकूंनी एका चिठ्ठीवर लिहून ट्रेलरच्या दरवाजाला आतून चिकटवलं आहे.