जुन्या ट्रंपेटाच्या मुखाचा नकोसा नाद

पितळेच्या पातेल्यावर टिचकी मारली असता ते घणघणते व हात ठेवताच थांबते, हे आपण नित्य पाहतो. ट्रंपेटाच्या रुंद मुखाचेही तसेच आहे. वाद्याचा स्वर नळीतील हवेच्या कंपनाने उत्पन्न होतो. परंतु मुखाचा पातळ पत्राही थरथरतो, आणि एखाद्या स्वराशी त्याचे कंपन जुळले म्हणजे नाद कानास खुपतो.

प्रथम कारण शोधावे. एकाने तो स्वर वाजवावा व दुसऱ्याने मुखाच्या काठास, मग प्रत्येक जोडास, हलकेच बोट लावावे. खरखर जेथे थांबेल तेथेच बहुधा दोष असतो. काठाच्या दुमडीतील तार सैल झाली असेल किंवा जोडाचा डाख सुटला असेल, तर कुशल कारागिराकडून नवा डाख देववावा.

जोड शाबूत असूनही नाद उरल्यास काठाभोवती बाहेरून चामड्याची पट्टी बांधावी. ती कंपन शोषून घेते. आत काही कोंबू नये; तेणेकरून हवेचा मार्ग बदलून स्वरच बिघडतो. पत्रा तापवून मऊ करण्याचाही उपाय आहे. पण पट्टी सोडता येते, गेलेले काठिण्य सहसा परत येत नाही. म्हणून जुन्या वाद्यावर तो उपाय सर्वांच्या शेवटीच योजावा, असे आम्ही सुचवितो.